स्क्रीन स्थिर असली की लॅपटॉप गोठतो : ग्राफिक्सची वीजबचत बंद करावी का?

शेवंती_सातारा
नमस्कार मंडळी. मी लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल असं डीटीपीचं काम घरून करते. दिवाळीनंतर वापरलेला पण चांगल्या अवस्थेतला लॅपटॉप घेतला. इंटेलचा अकराव्या पिढीचा प्रोसेसर, ग्राफिक्स त्यातलंच, वर उबुंटू (लिनक्स) आणि डिझाइनसाठी इंकस्केप. सुरुवातीला काही त्रास नव्हता.

गेले तीन आठवडे मात्र जीव मेटाकुटीला आला आहे. पत्रिकेचं प्रूफ वाचायला बसले, माऊसवरून हात काढला, की मिनिटाभरात स्क्रीन गोठते. माऊस हलवला तर बाण जागचा हलत नाही आणि मग एकदम भलतीकडेच उगवतो. टाइप केलेली अक्षरं चार-पाच सेकंदांनी घोळक्याने येतात. परवा ‘श्रीकृपेकरून’ लिहिताना काहीच दिसेना म्हणून पुन्हा लिहिलं, तर दोनदा उमटलं. कधीकधी स्क्रीनच्या खालच्या भागात आडव्या रेघा थरथरतात. व्हिडिओ लावून ठेवला तर मात्र तासभर काहीही होत नाही!

दुकानदार म्हणतो मदरबोर्ड गेला, नऊ हजार पडतील. भाचा म्हणतो ग्राफिक्स ड्रायव्हरची वीजबचत बंद कर, फुकटात होईल. खरंच असं असतं का? बंद केल्याने आतलं काही जळणार तर नाही ना? आमच्याकडे दुपारी वीज जाते, त्यामुळे बॅटरीही टिकायला हवी. लग्नसराई तोंडावर आहे, कृपया मार्ग सुचवा.

कळसूबाई_१६४६
ताई, आधी मागचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्या. रॅम काढून खोडरबराने टोकं पुसून परत बसवा. थर्मल पेस्टही वाळली असेल. माझ्या मुलाचा लॅपटॉप असाच अडकायचा, धुळीचा अक्षरशः गालिचा निघाला होता.

घड्याळजी
कळसूबाई, पंखा साफ करणं कधीही चांगलंच. पण ताईंनी स्वतःच एक गोष्ट लिहिली आहे, ती पुन्हा वाचा : व्हिडिओ चालू असताना काहीही होत नाही. धूळ किंवा उष्णता असती तर उलट झालं असतं. व्हिडिओ चालताना यंत्र तापतं, प्रूफ वाचताना ते थंड असतं. हा बिघाड काम करताना होत नाही, विश्रांती घेताना होतो.

शेवंतीताई, तीन गोष्टी बघून सांगाल का? स्क्रीन गोठलेली असताना कॅप्स लॉकचं बटण दाबलं तर त्याचा दिवा लागतो-विझतो का? मागे गाणं चालू असेल तर ते चालूच राहतं का? आणि व्हिडिओ चालू ठेवून झाकण हळूच मागेपुढे केलं तर रेघा येतात का?

मोगरा
वाचतेय. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपलाही अधूनमधून असंच होतं.

शेवंती_सातारा
घड्याळजी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे आत्ताच करून पाहिलं. दिवा लगेच लागतो. गाणं अजिबात थांबत नाही. झाकण पाच-सहा वेळा हलवलं, व्हिडिओवर एकही रेघ आली नाही. मग व्हिडिओ बंद करून पानाकडे नुसती बघत बसले, तर ४० सेकंदांत गोठलं.

घड्याळजी
म्हणजे यंत्र जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाहीये. गाणं चालतंय म्हणजे प्रोसेसर ठीक, दिवा लागतोय म्हणजे कीबोर्ड आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठीक. मदरबोर्डवर नऊ हजार घालवायची घाई करू नका.

माझा संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर आहे, म्हणजेच पीएसआर. ते काय करतं ते सांगतो, कारण कळलं की भीती जाते.

साध्या स्क्रीनवर चित्र हलो वा न हलो, ग्राफिक्सकडून पॅनलकडे सेकंदाला ६० वेळा तेच चित्र पाठवलं जातं. तुम्ही प्रूफ वाचताय, एक अक्षरही बदललेलं नाही, तरी ६० वेळा. त्यात वीज जाते. म्हणून पॅनलच्याच कंट्रोलरमध्ये थोडी मेमरी दिली. चित्र काही काळ बदललं नाही, की ग्राफिक्स पॅनलला म्हणतं, ‘हे शेवटचं चित्र तुझ्याकडे ठेव, तूच दाखवत राहा, मी जरा पडतो.’ मग ग्राफिक्सचा तो भाग आणि पॅनलकडे जाणारी जोडणी, दोन्ही झोपतात. तुम्ही माऊस हलवलात की ग्राफिक्सने उठायचं, जोडणी जागी करायची आणि नवं चित्र पाठवायचं.

हे उठणं वेळेत झालं नाही, किंवा पॅनल आणि ड्रायव्हर यांचं एकमेकांशी जमलं नाही, की पॅनल आपलं जुनंच चित्र दाखवत बसतं. बाण आत पुढे सरकलेला असतो, तुम्हाला दिसत नाही. अक्षरं घोळक्याने येतात तीही यामुळेच. व्हिडिओत चित्र सतत बदलतं, झोपायला सवडच मिळत नाही, म्हणून सगळं सुरळीत.

यात पुन्हा दोन पायऱ्या आहेत. पीएसआर १ मध्ये काहीही बदललं तर पूर्ण चित्र नव्याने पाठवतात. पीएसआर २ मध्ये फक्त बदललेला भाग पाठवतात. दुसरीत वीज जास्त वाचते, पण गुंतागुंतही जास्त.

जळण्याबद्दल : बंद केल्याने काहीही जळत नाही. हे तंत्र येण्याआधी सगळे लॅपटॉप असेच चालत होते.

मोगरा
किती सोप्पं करून सांगितलंत! वाचनखूण साठवली.

रेवदंड्याचा_वारा
एवढं खोलात जाऊन काय करायचं? मी दोन वर्षांपूर्वी एका रात्रीत सगळंच बंद केलं. पीएसआर, फ्रेमबफर कॉम्प्रेशन (चित्र मेमरीत दाबून ठेवणं), डिस्प्लेच्या झोपेच्या अवस्था, पीसीआय या आतल्या जोडणीची वीजबचत आणि वर प्रोसेसरच्या सी-स्टेट, म्हणजे त्याच्या झोपेच्या पायऱ्याही. तेव्हापासून एकदाही गोठला नाही. पंखा जरा जास्त फिरतो, बॅटरी दीड तास पुरते, पण माझा लॅपटॉप टेबलावर प्लगलाच असतो. शेवंतीताई, सगळं बंद करा आणि पत्रिकेच्या कामाला लागा.

उंबरठा
रेवदंडा, तुमचं यंत्र चालतंय याचा आनंद आहे, पण हा सल्ला ताईंना लागू पडत नाही. त्यांना दुपारी वीज गेल्यावर बॅटरीवर काम करायचंय. आणि पाच गोष्टी एकदम बदलल्यात तर दोषी कोण ते कसं कळणार? चार निरपराध बंद करून ठेवलेत तुम्ही. कदाचित तुमची दीड तासाची बॅटरी उद्या तीन तास होईल.

सी-स्टेटचा उपाय कुठून पसरला तेही सांगतो. इंटेलचे बे ट्रेल नावाचे स्वस्त प्रोसेसर होते, सेलेरॉन एन२८४० किंवा जे१९०० वगैरे. त्यांच्यावर लिनक्स अचानक पूर्ण थिजायचं. कर्नलच्या बगझिलावर, म्हणजे तक्रारवहीत, १०९०५१ क्रमांकाची नोंद त्याच दुखण्याची आहे, आणि ती चांगलीच लांबली. तिथला तोडगा होता ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१’, म्हणजे प्रोसेसरला गाढ झोपूच द्यायचं नाही. त्या चिप्ससाठी तो योग्य होता. पण मग जो तो कुठल्याही गोठण्यावर तेच औषध द्यायला लागला. शेवंतीताईंचा प्रोसेसर झोपेत अडकत नाहीये, गाणं चालू राहतंय! हा फरक धरून ठेवला नाही तर चुकीच्या आजारावर गोळी घेतल्यासारखं होतं.

ताई, तुम्ही एकच बटण बदलून बघा, तेही कायमचं नाही. यंत्र सुरू होताना एस्केप दाबलं की ग्रबची, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमची, यादी येते. पहिल्या ओळीवर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ दिसेल. तिच्या शेवटी एक जागा सोडून लिहा : आय९१५.एनेबल_पीएसआर=० (सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, अंकही इंग्रजी; आय९१५ हा इंटेल ग्राफिक्सचा ड्रायव्हर). मग एफ१० दाबा. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो. काही बिनसलं तर बंद करून पुन्हा सुरू करा, सगळं पूर्ववत.

रेवदंड्याचा_वारा
उंबरठा, ‘चार निरपराध’ हे पटलं. माझं प्लगवरचं यंत्र आहे म्हणून कधी मागे वळून बघितलं नाही. या रविवारी एकेक परत चालू करून बघतो.

मुळामुठा
विंडोजवाल्यांसाठी भर घालतो. तिथेही हेच दुखणं असतं, बटणं वेगळ्या जागी आहेत इतकंच. इंटेल ग्राफिक्स कमांड सेंटरमध्ये सिस्टिम, मग पॉवर, तिथे बॅटरीच्या भागात पॅनल सेल्फ रिफ्रेश बंद करता येतं. पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये पीसीआय एक्सप्रेसखाली लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट असतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या डेस्कटॉपवर ते बंद करून बघावं.

‘डिस्प्ले ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला आणि पूर्ववत झाला’ असा संदेश येत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ४१०१ क्रमांकाची नोंद शोधा. कार्डाने ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही की विंडोज ते रीसेट करतं. ही मुदत मुळात २ सेकंदांची आहे. बरेच जण रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगमध्ये) टीडीआर-डिले, म्हणजे हीच मुदत, वाढवून ८ किंवा १० करतात आणि प्रश्न सुटला म्हणतात. तो सुटलेला नसतो. दोन सेकंदांऐवजी दहा सेकंद गोठलेलं बघायचं, एवढाच फरक पडतो. खूप मोठं रेंडरिंग करणाऱ्यांना ती मुदत वाढवायचं खरं कारण असतं, इतरांनी हात लावू नये.

आणि ताई, तुम्ही रंगाचं काम करता म्हणून एक वेगळंच सांगतो. बॅटरीवर असताना काही ड्रायव्हर मागचा प्रकाश कमी करून चित्राचा कॉन्ट्रास्ट वाढवतात. एएमडीकडे त्याला व्हारी-ब्राइट म्हणतात, इंटेलचंही तसंच एक तंत्र आहे. त्याने काही गोठत नाही, पण पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल प्लगवर एक दिसतो आणि बॅटरीवर दुसराच. रंग ठरवायचं काम त्या वेळी करू नका.

शेवंती_सातारा
मुळामुठा, अहो, हे माझ्या बाबतीत झालंय! जुन्या विंडोजच्या यंत्रावर दुपारी वीज गेल्यावर ठरवलेला अबोली रंग छापखान्यात वेगळाच निघाला होता. मी छापखान्यालाच बोलले होते.

गोदाकाठ
नांदेडहून. थोडं अवांतर होईल, पण ‘विश्रांती घेताना बिघडतं’ यावरून आठवलं. माझा डेस्कटॉप काहीही काम नसताना आपोआप बंद व्हायचा. गेम खेळताना कधीच नाही. अर्थिंग तपासलं, नवीन यूपीएस घेतला, प्लग बदलला. शेवटी कळलं की दोष जुन्या एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याचा होता.

झालं असं की २०१३ मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले, तेव्हा त्यांच्या सी६ आणि सी७ या गाढ झोपेच्या अवस्थांमध्ये प्रोसेसरला वीज देणाऱ्या १२ व्होल्टच्या वाहिनीवर किमान भार फक्त ०.०५ अँपिअर इतका खाली येऊ शकत होता. त्याआधीच्या एसएमपीएसना ०.५ अँपिअरपर्यंतच जुळवून घ्यायची सवय होती. भार इतका कमी झाला की काहींचं व्होल्टेज डळमळायचं, काही सरळ बंद व्हायचे. माझा असाच होता. आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) त्या दोन अवस्था बंद केल्या, मग पैसे जमल्यावर एसएमपीएस बदलला आणि अवस्था परत चालू केल्या. एएमडीच्या रायझनवाल्यांना बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाची ओळ दिसते, तिथे ‘टिपिकल करंट आयडल’ निवडायचं. तेही याच जातीचं.

घड्याळजी
गोदाकाठ, हे अवांतर अजिबात नाही. यंत्र जास्त भाराने कोलमडतं हे सगळ्यांना पटतं, पण भार नसल्याने कोलमडतं हे कोणी मनावर घेत नाही. म्हणून माणसं पंखे आणि रॅम बदलत राहतात.

मोगरा
एक शंका. आयडलला मराठीत काय म्हणायचं? ‘निष्क्रिय’ म्हटलं की सरकारी परिपत्रक वाटतं.

कळसूबाई_१६४६
रिकामं. ‘यंत्र रिकामं बसलंय.’ आमची आई रिकामा बसलास की म्हणायची, दळण तरी आण.

उंबरठा
‘रिकामं’ आवडलं. यापुढे तेच वापरणार.

इसारकाठ_म्युनिक
एएमडीच्या लॅपटॉपवाल्यांसाठी. लिनक्सवर तिथला ड्रायव्हर एएमडीजीपीयू, आणि पीएसआर बंद करायचा पर्याय एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०. माझ्या यंत्रावर स्क्रीन क्षणभर पांढरी होऊन परत यायची. वरच्या पर्यायाने थांबलं.

मी त्याआधी एक चूक केली, ती सांगून ठेवते. कुठेतरी वाचून पॉवर_डीपीएम_फोर्स_परफॉर्मन्स_लेव्हल नावाच्या फायलीत ‘ऑटो’च्या जागी ‘हाय’ लिहिलं. त्याने घड्याळगती कायम वरच राहते. चमकणं थांबलं नाहीच, वर हाताखालची पट्टी इतकी गरम झाली की मनगट टेकवेना. ‘ऑटो’ परत लिहिलं तेव्हा पंखा शांत झाला. गती कायम चढी ठेवणं आणि झोप बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घड्याळजी, तुमच्या वरच्या उत्तराला पुरवणी म्हणून, जळण्याची भीती कुठे असलीच तर ती पहिल्या प्रकारात उष्णतेची आहे.

घड्याळजी
बरोबर. माझं वरचं उत्तर फक्त पीएसआरपुरतं समजावं. नेमकं केलंत ते बरं झालं.

पेचकस
मी पुण्यात २२ वर्षं दुरुस्ती करतो. सॉफ्टवेअरवाल्यांना एक सांगायचंय. दहातल्या काही केसेसमध्ये बिजागरीजवळ दबलेली डिस्प्ले केबलच असते. जोडणी जागी होताना सिग्नल थोडाही कच्चा असला तर आधी तिथेच अडखळतं, सलग चालू असताना निभावून जातं. म्हणजे पीएसआर बंद केल्यावर बरं वाटलं तरी केबल धडधाकट आहे असं सिद्ध होत नाही. तीन आठवड्यांपूर्वी काय झालं होतं? लॅपटॉप पडला का? की अपडेट आलं?

शेवंती_सातारा
पेचकसदादा, पडला नाही. अपडेटचं मात्र आठवत नव्हतं, म्हणून भाच्याला विचारलं. त्याने नोंद काढली : ज्या आठवड्यात त्रास सुरू झाला, त्याच आठवड्यात नवा कर्नल आला होता.

पेचकस
मग केबलीवरचा माझा संशय पुष्कळ कमी झाला. तरी पुढच्या वेळी झाकण उघडाल तेव्हा केबल बसली आहे ना ते बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

शेवंती_सातारा
मंडळी, अकरा दिवसांनी धागा वर काढतेय. वहीत रोजची नोंद ठेवली, ती देते.

पहिले दोन दिवस काहीही न बदलता फक्त मोजलं. पहिल्या दिवशी १४ वेळा गोठलं, दुसऱ्या दिवशी ११.

मग उंबरठा यांनी सांगितलं तसं ग्रबमध्ये ‘ई’ दाबून शून्य लिहिलं. हात थरथरत होते, पण यंत्र नेहमीसारखंच सुरू झालं. चार दिवसांत एकदाही गोठलं नाही. बॅटरी आधी प्रूफ वाचताना ३ तास ४० मिनिटं जायची, ती ३ तास १० मिनिटांवर आली.

मग घड्याळजींचं दोन पायऱ्यांचं आठवलं. शून्याऐवजी १ लिहिलं, म्हणजे पहिली पायरी चालू, दुसरी बंद. आज पाचवा दिवस. एकदाही गोठलं नाही आणि बॅटरी साधारण साडेतीन तास जाते! पत्रिकांचे सहा नमुने याच दिवसांत पूर्ण झाले.

काल भाच्याने ते कायमचं केलं. ईटीसीमधल्या डीफॉल्ट फोल्डरातल्या ग्रब फायलीत ‘क्वाएट स्प्लॅश’च्या पुढे लिहिलं आणि अपडेट-ग्रब चालवलं. लॉगमध्ये एक ओळ बघून मात्र पोटात गोळा आला : धोकादायक पर्याय वापरला, कर्नल बाटला, अशा अर्थाची. हे काय आहे?

घड्याळजी
ताई, ही नोंद मीही साठवून ठेवतोय. दोन दिवस काहीही न बदलता मोजलंत, हे फार कमी लोक करतात.

त्या ओळीला घाबरू नका. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हा पर्याय तपासणीसाठी ठेवला आहे, म्हणून तो वापरला की कर्नल स्वतःवर खूण करून ठेवतो. उद्या तुम्ही बिघाड कळवलात तर त्यांना कळावं की मूळ सेटिंग बदललेली होती. तुमच्या फायलींना किंवा यंत्राला त्याने काही होत नाही.

एकच काम बाकी आहे. पुढचा मोठा कर्नल आला की ग्रबमध्ये ‘ई’ दाबून तो शब्द एका वेळेपुरता खोडा आणि दिवसभर काम करून बघा. दुरुस्ती आली असेल तर तुमची उरलेली मिनिटंही परत मिळतील.

रेवदंड्याचा_वारा
माझाही हिशोब देतो. रोज एक याप्रमाणे पाचही गोष्टी परत चालू केल्या. गोठणं फक्त पीसीआयच्या वीजबचतीने परत आलं, बाकी सगळं निर्दोष. आता तेवढंच बंद आहे. बॅटरी दोन तास पन्नास मिनिटं. उंबरठा, तुमचे आभार.

शेवंती_सातारा
दुकानदाराला फोन करून मदरबोर्ड नको म्हणून सांगितलं. उद्या हळदीच्या पत्रिकांची फाइल छापखान्यात जातेय. रंग प्लगवर असतानाच ठरवला!

कळसूबाई_१६४६
ताई, मुलाच्या लॅपटॉपची धूळ काढून सहा महिने झाले, आता परत अडकतोय. आत्ता तपासलं, गाणं चालू राहतं आणि दिवाही लागतो. उंबरठा, ती यादी यायला एस्केप नक्की कधी दाबायचं? माझ्याकडून दरवेळी वेळ चुकतेय.

उंबरठा
कंपनीचं चिन्ह दिसून गेलं की लगेच, एकदाच. जास्त वेळा दाबलं तर नुसता ग्रबचा काळा पडदा येतो. तसं झालं तर ‘नॉर्मल’ लिहून एंटर मारा आणि पुन्हा लगेच एस्केप. विंडोजही सोबत असेल तर यादी आपोआपच दिसते.